पन्नास वर्षांच्या आतली राजदूत

निवृत्त बँक अधिकाऱ्याला गावात एक काम हमखास मिळतं. गणपती असो, व्याख्यानमाला असो की रक्तदान शिबिर, खजिनदार म्हणून त्याचं नाव त्याच्या अपरोक्ष ठरलेलं असतं. मी कादंबऱ्या लिहितो हे अशा वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि राहिलं तरी हिशेबाच्या कामात ती काही शिफारस नव्हे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या मित्रमंडळींनी कोल्हापुरात जुन्या मोटारी आणि मोटारसायकलींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हाही तसंच झालं.

उत्पन्न डायलिसिसच्या रुग्णांसाठी द्यायचं होतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला चार-चार तास माणूस यंत्राला जोडलेला असतो. उपचाराला सरकारी योजना आहेत. पण खेड्यातून येण्याजाण्याचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कोण देणार? मी खजिनदारकी घेतली ती एका अटीवर. तिकिटाचा प्रत्येक रुपया रुग्णांचा. मांडव, स्पीकर, पाणी, विमा यांचा खर्च आपण आणि जाहिरातदारांनी सोसायचा. परोपकारासाठी भरवलेल्या कार्यक्रमांत मांडववाला आणि हारवाला यांच्यावरच परोपकार झालेला मी उभ्या नोकरीत पाहिला होता.

पहिली बैठक गाजली ती ‘जुनी म्हणजे किती जुनी’ या प्रश्नावर. इंग्लंडमधले शौकीन १९३० नंतरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणायलाही तयार नसतात. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात सांभाळलेल्या वाहनाला ती पदवी दिली. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी हाच नियम लावायचा असं ठरवून टाकलं. पन्नासच्या आतली गाडी नको. मी मान डोलावली. नियम म्हटला की माझी मान आपोआप डोलते.

म्हाताऱ्या गाड्यांची सरबराई ही लग्नातल्या व्याह्यांच्या सरबराईपेक्षा अवघड. मैदान शाळेचं होतं. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, फरशीवर तेलाचा थेंब दिसता कामा नये. आम्ही पत्र्याचे ट्रे आणून त्यांत वाळू घातली आणि एकेका गाडीखाली सरकवली. बुलेटवाले सांगतात, बुलेटखाली तेल दिसलं नाही तर घाबरा, इंजिनातलं संपलं असेल. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधले वॉशर खाऊन टाकतं. त्यामुळे दोन मालकांनी गाड्या टेम्पोवर चढवून आणल्या आणि इंजिन चालू करायला साफ नकार दिला.

मात्र ऑस्टिन सेव्हनच्या मालकांनी मागेपुढे पाहिलं नाही. १९२२ साली निघालेलं हे मॉडेल. पुढं त्याचं इंजिन ७४७ सीसीचं झालं, म्हणजे आजच्या एखाद्या दणकट मोटारसायकलीएवढं. त्यांनी पुढून हँडल घातलं आणि जमलेल्या पोरांना आधी धडा दिला: अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. कॅडिलॅकने १९१२ साली विजेचा स्टार्टर बसवला तो काही चैन म्हणून नव्हे. चौथ्या फेऱ्याला ऑस्टिन खोकली, थरथरली आणि सुरू झाली. टाळ्या अशा पडल्या की जणू कुणी बाळंतीण सुटली.

जावाभोवती चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची गर्दी मला अनपेक्षित होती. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा निघू लागली, पुढे तिची येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. “आमचे बाबा गिअरच्या दांड्यानंच किक मारायचे,” असं एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या. मुलीला ते खोटं वाटलं. मालकाने तो एकच दांडा वर फिरवून किक मारून दाखवली, तेव्हा मुलीपेक्षा आईचा चेहरा पाहण्यासारखा होता.

बाहेरगावचे पाहुणे मला विचारत, यांचे सुटे भाग मिळतात कुठे? मिळत नाहीत; करून घेतात. आमच्या शिवाजी उद्यमनगरात तुटका तुकडा घेऊन जायचं. मिस्त्री तो तळहातावर फिरवून बघतो, चहा मागवतो आणि ‘परवा या’ म्हणतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथं बुश आणि पिनेचं कौतुक ते काय! तरी माझ्या मते प्रदर्शनात या मिस्त्रींचं एक दालन हवं होतं. ते आम्ही केलं नाही, ही चूक झाली.

आता राजदूतबद्दल. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी करवीर तालुक्यातला एक तरुण अर्ज घेऊन आला. आजोबांची १९८४ ची राजदूत, मागे दुधाच्या किटल्या अडकवायच्या लोखंडी कड्यांसकट. डॉक्टर म्हणाले, एक्केचाळीस वर्षं, बसत नाही. ‘बॉबी’ सिनेमातली ती छोटी राजदूत असती तर त्यांनी एखाद वेळेस विचार केला असता. ही मोठी, पोलंडच्या एसएचएलवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली, पाऊणदोनशे सीसीची, खेड्यापाड्यात दूध वाहणारी. मी म्हणालो, “नियम बाजूला ठेवा, ही गाडी हवी.” सगळे माझ्याकडे बघत राहिले. खजिनदार राजीनामा देईल या धास्तीने राजदूतला फाटकाजवळची, उन्हातली जागा मिळाली.

मी का हट्ट धरला ते बैठकीत सांगितलं नाही. १९८९ साली मी एका शाखेत क्षेत्र अधिकारी होतो. दूध घालणाऱ्या एका गड्याला आमच्या बँकेने राजदूतसाठी कर्ज दिलं होतं. गाडीच्या पुस्तकात बँकेच्या तारणाचा शिक्का. दोन म्हशींतली एक मेली आणि हप्ते थकले. तीन नोटिसा झाल्यावर मी जीप घेऊन गेलो आणि गाडी उचलून आणली. कड्यांना किटल्या तशाच होत्या. त्या त्याने उतरवून घेतल्या आणि एक शब्द बोलला नाही. लिलावात मिळालेल्या पैशांत मुद्दलही फिटलं नाही. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. त्याचं कर्ज त्या माफीत बसलं असतं की नाही, हा हिशेब मी पस्तीस वर्षांत पुरा केलेला नाही. कागदपत्रं हाताशी असतानाही केला नाही.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी तिकिटांच्या टेबलाशी होतो. राजदूतपाशी एक म्हातारा उकिडवा बसून टाकी न्याहाळत होता. पांढरी टोपी, हातात पिशवी. मी ओळखलं. तरीही मी लगेच उठलो नाही, हे कबूल करायला हवं.

शेवटी गेलो. त्यांनी वर पाहिलं.

“ही न्हवं ती, सायेब,” ते म्हणाले. “माज्या टाकीला उजवीकडं पोचा हुता.”

“मला वाटलंच, तुमची नव्हे.”

“न्हाई. पर आवाज त्योच आसंल.”

मालक पोरगा समजूतदार होता. त्याने किल्ली दिली. म्हाताऱ्याने आधी पेट्रोलचा कॉक उघडला, कार्ब्युरेटर भरू दिला, मग उभं राहून किक मारली. तिसऱ्या किकला गाडी लागली आणि निळसर धूर तिकिटांच्या टेबलापर्यंत आला. मिनिटभर ती तशीच चालू ठेवली, मग बंद केली, आणि जाताना पोराला बजावलं, “कॉक बंद करत जा रं, न्हायतर रातभर गळतंय.”

माझ्याबरोबर ते टेबलापर्यंत आले. त्या दिवशी १,३८७ तिकिटं गेली. तीस रुपयांप्रमाणे ४१,६१० रुपये. त्यांचं तिकीट त्यांतच होतं. “ह्ये पैसं कुठं जात्यात?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पिशवीतून शंभराची नोट काढली.

देणगीची वेगळी पावती असते. मी पुस्तक पुढं ओढलं आणि सवयीने विचारलं, “नाव काय लिहू?”

“नाव तुमास्नी ठावं हाय की.”

ठाऊक होतंच. वडिलांच्या नावासकट आणि गावासकट मी ते लिहिलं, सही केली आणि पावती फाडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून निघाले.