कॉपी कधी मिळणार?

नारायणगावहून जुन्नरला जाताना रस्त्याच्या कडेला तिपाई रोवून तिच्यावर काळी पेटी बसवली, की थोड्या वेळात कुणीतरी मोटारसायकल थांबवतं. "मोजणीला आलाय का?" या प्रश्नात कुतूहल थोडं असतं, काळजी जास्त. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे. पुढे पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला, बाह्यवळणं आली, मग नव्या रेल्वेमार्गाच्या मोजणीची चर्चा आली. तिपाईवर काहीतरी ठेवून त्यात डोकावणारा परका माणूस येऊन गेला की मागाहून नोटीस येते, हे इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे. म्हणून मी लगेच सांगतो, "नाही ओ, फोटो काढतोय. जुना कॅमेरा आहे."

गाडी स्टँडवर लागते. "रोलचा?"

हा एक शब्द उच्चारला गेला की पुढची पंधरा-वीस मिनिटं माझी राहत नाहीत, आणि ती माझी राहू नयेत असंच मला वाटतं.

कॅमेरा याशिका मॅट १२४ जी आहे. जपानी बनावटीचा, १९७० ते १९८६ या काळात तयार झालेला. एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून पाहायचं, खालच्यातून फोटो निघतो. डोक्यावरचं झाकण उघडून, मान खाली घालून दुधी काचेवरचं चित्र बघायचं. त्यात डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी १२ फोटो येतात. प्रकाशमापक सोडला तर कशालाही सेल लागत नाही. शटरचा आवाज इतका बारीक, की समोरचा हमखास विचारतो, "काढला का?"

मान खाली घालण्याने फार फरक पडतो. मोबाईल धरणारा माणूस थेट समोरच्याकडे रोखून उभा असतो. या कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र वाकलेला असतो, पेटीत बघत असतो. समोरच्याला टोपी सरळ करायला, पदर सावरायला, नातवाला जवळ ओढायला सवड मिळते. पन्नाशीच्या पुढची माणसं तर सवयीनेच ताठ होतात. त्यांच्या लेखी फोटो म्हणजे दम रोखून उभं राहण्याची गोष्ट आहे. हसा म्हटलं तर हसत नाहीत, आणि मी आता तसं म्हणतही नाही. त्या ताठ उभं राहण्यात स्वतःविषयीचा जो मान आहे, तो मला हसऱ्या फोटोत क्वचित सापडतो.

मग आठवणी निघतात. कुणाच्या मामाकडे क्लिक थ्री होता. आग्फाचा हा साधा कॅमेरा बडोद्याला बनायचा आणि मध्यमवर्गीय घरांत कपाटात जपून ठेवलेला असायचा. कुणी मुंबईला गिरणीत असताना हॉटशॉट घेतलेला. पण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली गोष्ट कॅमेऱ्याची नाही, फोटोची आहे. "आमच्या आजोबांचा एकच फोटो आहे. तो पण कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला." जुन्नरच्या पेठेतल्या जुन्या घरांत, मंचरच्या वाड्यांत, ओतूरच्या मळ्यांत हा कापलेला फोटो मी भिंतीवर पाहिला आहे. कडेला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा, कधी नुसती फेट्याची किनार. एवढ्या एका फोटोवर एक अख्खा माणूस घरात टिकून असतो.

स्टुडिओवाल्यांची तऱ्हा वेगळी. मंचरमध्ये स्टुडिओ बंद केलेल्या एका वयस्क गृहस्थांनी कॅमेरा हातात घेतला, विचारायच्या आधी झाकण उघडलं आणि भिंग उजेडाकडे धरून बुरशी आहे का पाहिलं. एकट्याने चालवलेलं दुकान होतं म्हणे. दिवसा फोटो काढायचे, रात्री लाल दिव्याखाली धुवायचे. डेव्हलपरची थाळी, मग पाणी, मग हायपो. मुलीच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने डाग भरायचे. हे सांगताना त्यांची बोटं हवेत ते काम करत होती. "रंगीत लॅब आली आणि आमचं धुणं गेलं. मोबाईल आला आणि गिऱ्हाईकच गेलं," एवढंच म्हणाले. कॅमेरा परत देताना पट्टा नीट गुंडाळून दिला.

मुलांना याचं काहीच माहीत नसतं, आणि त्यांचे प्रश्न सरळ असतात. खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या परिसरात पसरलेल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी ऐकायच्या म्हणून तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांच्या सहली येतात. माझा कॅमेरा कसलीच लहर सोडत नाही, हे सांगितल्यावर मुलं एकदम गंभीर झाली. "मग याच्यात मेमरी कुठंय?" मी फिल्म समजावली: प्रकाश पडला की तिच्यातल्या चांदीच्या क्षारांत बदल होतो आणि रसायनात घातल्यावर तो दिसू लागतो. दुधी काचेत डोकावण्यासाठी रांग लागली. एका मुलीने उजवीकडे हात केला, काचेतल्या मैत्रिणीने डावीकडे केला, आणि ती कितीतरी वेळ तिथून हटेना. "दाखवा" म्हणून मात्र सगळ्यांनी मागची बाजू तपासली. मागे नुसतं काळं पत्र्याचं दार. दिसायला आठवडे लागतात हे त्यांच्यापैकी कुणालाही पटलं नाही.

बैलगाडा शर्यतीच्या घाटात मी दोनदा विचार करून कॅमेरा काढतो, कारण तिथे कॅमेऱ्यांची कमतरता नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. आता यात्रेच्या दिवशी घाटावर ड्रोन असतात, मोबाईलवरून थेट प्रक्षेपण चालतं. धावत्या बारीचा, म्हणजे गाड्याच्या एका धावेचा, फोटो या कॅमेऱ्याने नीट येत नाही आणि मला तो नकोही असतो. पण बारी झाल्यावर, गुलाल उडाल्यावर, गाडामालक स्वतः येतो. "जुना आहे ना? मग बैलाचा काढा." स्वतः बाजूला होतो. कुणीतरी बैलाचं कपाळ पुसतं, झूल ओढून सरळ करतं, वेसण धरणारा पोरगा शक्य तितका मागे सरकतो. बंदीच्या काळात म्हातारे होऊन गेलेल्या बैलांचे फोटो या घरांत देवाशेजारी लावलेले आहेत. तिथे कुणाला मोबाईलवरची चित्रफीत पुरत नाही, भिंतीवर लावता येईल असं काहीतरी हवं असतं.

खर्च विचारतात, आणि मी खरा सांगतो. रोल, धुणं आणि कॉपी धरून एका फोटोला शंभराच्या वर जातात. जुन्नरच्या बाहेर टोमॅटोची तोडणी चालली होती. शिवनेरी समोर दिसत होता. क्रेट भरणाऱ्या एका मावशींना मी फोटोबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आधी किंमत विचारली आणि मग म्हणाल्या, "एवढे पैसे माझ्यावर कशाला घालवता? किल्ल्याचा काढा की." मी म्हणालो, किल्ल्याचे लाखो फोटो आहेत. त्यावर त्यांनी हात धुऊन घेतले आणि उभ्या राहिल्या. त्यांच्या वाक्यात नम्रता होती असं कुणी म्हणेल. मला ते ऐकून वाईट वाटलं होतं. आपल्यावर काही खर्च व्हावा, याची सवयच नसलेल्या माणसाचं ते बोलणं होतं.

अलीकडे बायका, विशेषतः तरुण, आणखी एक प्रश्न विचारतात: "हा नेटवर जाणार का?" जुना कॅमेरा बघून त्यांना थोडा धीर येतो, कारण यातून काही लगेच कुणाला पाठवता येत नाही. पण निगेटिव्ह स्कॅन करता येतं, हे मी सांगतो. त्यांच्या न कळण्याचा फायदा घेणं मला चुकीचं वाटतं. सांगितल्यावर काही जणी नको म्हणतात. मग झाकण बंद करायचं. माळीणला तर मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. ३० जुलै २०१४ च्या दरडीत तिथे १५१ माणसं गेली. घरांबरोबर भिंतींवरचे फोटोही गेले. त्या गावावर तेव्हा पुरेसे कॅमेरे रोखले गेले होते.

डिंभ्याच्या जलाशयाकाठी ऐकलेला प्रश्न मात्र दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याला कुणी विचारला नसता. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. काठावर गुरं घेऊन आलेल्या एका बाबांनी कॅमेरा बराच वेळ न्याहाळला. "हा तेव्हाचाच ना?" म्हटलं, हो, साधारण तेव्हाचाच. "मग आमच्या जुन्या गावाचा फोटो असंल तुमच्याकडं." कॅमेरा त्या काळातला होता, पण त्या काळात तो इथे नव्हता. बाबांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाण्याकडे हात करून वेस कुठे होती, बाजार कुठे भरायचा ते दाखवायला लागले. मी काढलेल्या फोटोत त्यांचा हात आहे आणि पाणी आहे.

यातूनच मला माझं काम नीट कळलं. पुण्या-मुंबईची तरुण मुलं हल्ली हौसेने फिल्म कॅमेरे घेऊन या भागात येतात, आणि मला त्याचा आनंद आहे. पण फोटो नेणारे इथे फार झाले, देणारे कमी. मोबाईलवरचा फोटो निदान तिथल्या तिथे दाखवता तरी येतो. फिल्मचा फोटो घेणारा माणूस समोरच्याकडून उधार घेऊन जातो, आणि "कॉपी कधी मिळणार?" हा प्रश्न म्हणजे त्या उधारीची आठवण आहे. तो प्रश्न ज्यांनी विचारला नाही, त्यांचीही कॉपी देणं लागतंच.

म्हणून कॅमेऱ्याबरोबर वही असते. माणसं त्यात स्वतःच्या हाताने पत्ता लिहितात किंवा लिहवून घेतात: मुक्काम, पोस्ट, वाडी, कुणाच्या घराशेजारी. जुन्नरला ४१०५०२, नारायणगावला ४१०५०४, मंचरला ४१०५०३. दोन पुठ्ठ्यांमध्ये कॉपी घालून पाकीट पोस्टात टाकतो; जमेल तिथे स्वतः जातो. स्वतः गेलं की काय होतं ते पाहण्यासारखं असतं. कॉपी आधी चेहऱ्याच्या जवळ, मग लांब धरली जाते. घरातल्या प्रत्येकाच्या हातून फिरते. टोमॅटोवाल्या मावशींनी ती उजेडात नेऊन पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "बघ, मी आईसारखी दिसाया लागले." मग माझ्याकडे वळून हिशेबाचं बोलल्या: एक कॉपी लेकीला द्यायची, ती ठाण्याला असते, एक भावाला, आणि एक मोठी करून आणा, फ्रेमचे पैसे आम्ही देऊ. मी वहीत लिहून घेतलं: तीन कॉप्या, त्यातली एक बारा बाय बारा.