बटण दाबणाऱ्याचा हक्क

दिवेघाटातून पालखी चढू लागली की कठड्याशी मोबाइल आणि कॅमेऱ्यांची रांग लागते. सगळ्यांसमोर तेच वळण, त्याच पताका, तरी प्रत्येकाच्या फोटोवर हक्क ज्याचा त्याचा. १९५७चा भारतीय कॉपीराइट कायदा बटण दाबणाऱ्यालाच छायाचित्राचा कर्ता मानतो. नोंदणी सक्तीची नाही. हौशी की व्यावसायिक, कॅमेरा महाग की स्वस्त, याच्याशी कायद्याला देणेघेणे नाही. मात्र हक्क त्या फोटोपुरता. दृश्यावर मालकी कुणाचीच नाही. एखाद्याची चौकट आवडली, तर त्याच जागी उभे राहून आपला फोटो काढावा. हौसेची खरी गंमत तिथेच आहे: कुणी पताकांकडे बघतो, कुणी चिखलाने माखलेल्या पावलांकडे.

लग्नात मात्र गणित उलटते. पैसे देऊन बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे मोजणारा यजमान. मामाने हौसेने मोबाइलवर टिपलेले फोटो मामाचेच! आणि फोटोत दुसऱ्याचे शिल्प आले तर? चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचा फोटो काढायला आणि छापायलाही कायद्याची मोकळीक आहे.

२०१२च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ‘नेटवर मिळाला’ म्हणून मंडळाच्या फ्लेक्सवर कुणाचाही फोटो चिकटवणे गैरच. खाली नाव टाकणे हे सौजन्य झाले, परवानगी नव्हे. ती हक्क ज्याचा, त्याच्याकडे मागावी. हौशी माणूस बहुधा खूश होऊन मूळ फाइलच पाठवतो.