परक्यांचं फळ

इंग्रजी ‘नट’, लॅटिन ‘नुक्स’ आणि जुन्या आयरिशमधला ‘क्नू’ ही एकाच इंडो-युरोपीय मुळाची भावंडं मानली जातात. ‘वॉलनट’मधल्या ‘वॉल’चा मात्र भिंतीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेअल्ह’ म्हणजे परका, विशेषतः केल्ट किंवा रोमन. अक्रोड उत्तर युरोपात गॉल-इटलीकडून पोहोचला, म्हणून तो परक्यांचा ठरला. ‘वेल्स’ हे देशनावही त्याच शब्दातून आलं. पोलिश भाषेत आजही अक्रोडाचं नाव ‘इटलीचं कवचफळ’ असंच आहे. खुद्द रोमनांनी त्याला देवाशी जोडलं: ‘युग्लान्स’, म्हणजे ज्युपिटरचं ओकफळ. आपला ‘अक्रोड’ संस्कृत ‘अक्षोट’शी नातं सांगतो, तर ‘बदाम’ फारसीतून आला. कवच फोडलं की गर मिळतो. नाव फोडलं की प्रवास.