बारीक मुलीलाही पीसीओएस होतो

"पोरगी तर काडीसारखी, तिला कसा पीसीओएस?" वस्त्यांमधल्या आरोग्य बैठकांत हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. हा आजार जाड बायकांनाच होतो, हा समज चुकीचा आहे.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांची जनुके तपासली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, सडपातळ स्त्रियांमध्ये इन्सुलिन रिसेप्टरच्या जनुकातील एका छोट्या बदलाचा या आजाराशी संबंध आढळला.

म्हणजे काय? इन्सुलिन ही किल्ली आणि पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप समजा. कुलूप जाम झाले की साखर पेशीत नीट शिरत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावते. त्यामुळे बीज पूर्ण पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. सोनोग्राफीत दिसतात त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढलेले बीजकोष असतात.

पण एकाच जनुकाने हा आजार होत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि ती आईकडून येतात तशी बापाकडूनही येतात. म्हणून "सुनेतच खोट आहे" म्हणणे अज्ञान आहे. हा कुणाचा शाप नाही, त्यावर गंडेदोरे चालत नाहीत.

जनुकांची महागडी तपासणी करायची गरज नाही. घरात कुणाला मधुमेह आहे का, ते डॉक्टरांना सांगा. मानेची कातडी काळी, जाड झाली असेल तर तो मळ समजून घासू नका. ती इन्सुलिन वाढल्याची खूण असू शकते. पाळी तीन महिने आली नाही, तर डागा किंवा मेडिकलमध्ये दाखवा. पाळी फार दिवस थांबली की गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. सोबत रक्तदाब, चरबी आणि साखर तपासून घ्या. उपाशीपोटी आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी, अशी दोनदा साखर पाहिलेली बरी. गरोदर राहिल्यावरही ती लवकर तपासावी.

आठवड्यात १५० मिनिटे भरभर चाला. भाताचा ढीग कमी करून डाळ, भाजी, ज्वारीची भाकर वाढवा. जनुके बदलता येत नाहीत, पण मधुमेह लांब ठेवता येतो. आणि लेकीच्या पाळीची चौकशी लग्न ठरल्यावर नको, आजच करा.