इंजिनाला दम मिळाला, माणसाचे काय?

२७ फेब्रुवारी १९२० रोजी अमेरिकेतील डेटन शहराजवळच्या मॅक्कुक फील्डवरून मेजर रुडॉल्फ श्रोडर उघड्या कॉकपिटचे विमान घेऊन निघाले. ३३ हजार फूट, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरची उंची त्यांनी गाठली. तो त्या वेळचा विक्रम होता. पण तिथेच त्यांचा ऑक्सिजनचा पुरवठा तुटला. समोरचे दिसेना म्हणून त्यांनी गॉगल वर सरकवला आणि बाहेरच्या भयंकर थंडीत डोळ्यांतले पाणी गोठले. पाठोपाठ शुद्ध हरपली. विमान दगडासारखे खाली येऊ लागले. जमीन जवळ आल्यावर, दाट हवेत, श्रोडर भानावर आले आणि जवळजवळ काहीच दिसत नसताना त्यांनी विमान उतरवले.

त्या विमानाच्या इंजिनाला मात्र उंचीचा त्रास झाला नव्हता. इंजिनही हवेवरच चालते आणि १८ हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. त्यावर सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने उपाय बसवला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच्या जोरावर बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनात भरायची. हा टर्बो-सुपरचार्जर. दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत विमाने लाकूड-कापडाची होती ती धातूची झाली, इंजिनांची ताकद कित्येक पटींनी वाढली. माणसाची फुप्फुसे होती तशीच राहिली.

उंचावर हवेतला ऑक्सिजन संपतो, असा समज आहे. तसे नाही. त्याचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो दाब, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलण्याचे काम दाबच करतो. खरा घात पुढेच आहे. श्वास कोंडल्यावर आपला जीव घाबरतो तो मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. उंचावर तो श्वासावाटे बाहेर पडतच असतो. त्यामुळे धोक्याची घंटा वाजतच नाही. उलट माणूस खुशीत येतो, सगळे उत्तम चालल्याचे त्याला वाटते. अक्षर बिघडते, साधी बेरीज चुकते, नखे निळसर होतात आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. ३३ हजार फुटांवर ऑक्सिजन तुटला तर हातपाय नीट चालवण्यासाठी जेमतेम एखादे मिनिट मिळते. ‘आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा’ ही विमानातली सूचना आली आहे ती यातून. दुसऱ्याला मदत करायला आधी स्वतः शुद्धीवर असावे लागते.

भारताच्या आकाशातही हा प्रसंग घडला. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू येथून दोन वेस्टलँड विमाने उडाली आणि प्रथमच एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. शिखरावर माणसाचे पाऊल पडायला अजून वीस वर्षे होती. सुपरचार्जर लावलेली इंजिने होती, विजेवर तापणारे कपडे होते, ऑक्सिजनही होता. दुसऱ्या विमानात डेव्हिड मॅकिन्टायर यांच्या मागे बसलेले छायाचित्रकार सिडनी बॉनेट यांची ऑक्सिजनची नळी हालचालीत फुटली. त्यांनी फुटलेल्या जागी रुमाल बांधला, पण थोड्याच वेळात ते कोसळले. विमान खाली आल्यावर शुद्धीवर आले. एवढ्या तयारीच्या मोहिमेत जीव एका रबरी नळीवर टांगलेला होता.

शिवाय मास्कलाही मर्यादा आहे. ४० हजार फुटांच्या वर शुद्ध ऑक्सिजन दिला तरी पुरत नाही, कारण तो रक्तात ढकलायला दाबच उरत नाही. मग एकच मार्ग राहतो. जमिनीजवळचा दाब सोबत घेऊन जायचा. १९२१ मध्ये मॅक्कुक फील्डवरच हॅरल्ड हॅरिस यांना कॉकपिटमधल्या बंद पोलादी टाकीत बसवून हवा भरून पाहिली. हवा इतकी भरली गेली, की टाकीतला दाब समुद्रसपाटीपेक्षाही वाढला आणि आतले तापमान ६५ अंशांवर पोहोचले. दाबामुळे झाकण उघडेना. हॅरिस वाचले. पहिला प्रयोग माणूस गुदमरण्याऐवजी उकडून निघण्यावर आला होता.

वायली पोस्ट यांनी वेगळा मार्ग धरला. तेलविहिरीवरच्या अपघातात एक डोळा गमावलेल्या या वैमानिकाने १९३३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्यांचे ‘विनी मे’ विमान लाकडी. त्यात दाब टिकणे शक्य नव्हते. विमान फुगवता येत नसेल तर माणसाभोवतीच हवा भरू, असे त्यांनी ठरवले. गुडरिच कंपनीच्या रसेल कोली यांनी रबराचा पोशाख शिवला. पहिला चाचणीतच फुटला. दुसऱ्यात पोस्ट असे अडकले, की तो कापून त्यांना बाहेर काढावे लागले. तिसरा बसलेल्या माणसाच्या मापाने बेतला, त्यावर पाणबुड्यासारखे धातूचे शिरस्त्राण. १९३४ च्या सप्टेंबरात तो घालून ते शिकागोवर सुमारे ४० हजार फुटांपर्यंत गेले. पुढच्या मार्चमध्ये बरबँक ते क्लीव्हलंड हे अंतर त्यांनी ७ तास १९ मिनिटांत कापले, सरासरी ताशी जवळपास ४५० किलोमीटर. जुन्या विमानाची एवढी धाव नव्हतीच. पाठीशी जेट स्ट्रीमचा वारा होता. अंतराळवीरांच्या पोशाखाचे मूळ या रबरी अंगरख्यात आहे. त्याच ऑगस्टमध्ये अलास्कातील विमान अपघातात पोस्ट गेले.

प्रवाशांचे हाल वेगळे होते. त्यांची विमाने खालीच, ढगांच्या गचक्यांतून जात आणि उलट्यांनी लोक बेजार होत. मे १९३० मध्ये एलन चर्च ही पहिली हवाई सेविका रुजू झाली. ती प्रशिक्षित परिचारिका होती, यात नवल नाही. वादळांच्या वरून जायचे तर केबिनमध्ये दाब हवा. १९३७ मध्ये लॉकहीडच्या एक्ससी-३५ या लष्करी प्रायोगिक विमानाने ते साधले, आणि ३१ डिसेंबर १९३८ रोजी बोइंगचे स्ट्रॅटोलायनर उडाले. दाबयुक्त केबिनचे हे पहिले प्रवासी विमान सेवेत आले ते १९४० मध्ये. तोवर युरोपात दुसरे युद्ध पेटले होते.

आजही केबिनमध्ये समुद्रसपाटीचा दाब नसतो. सांगाडा फार जड करावा लागेल. सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढाच दाब ठेवतात. म्हणून वेफर्सचे पाकीट फुगते, उतरताना कानाला दडे बसतात. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, त्याला ते कळतही नाही. पण दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार, तीव्र रक्तक्षय, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गरज असल्यास प्रवासात ऑक्सिजनची सोय करता येते, मात्र ती विमान कंपनीला आधी कळवावी लागते.