निवड कोणाची, नोंद कोणाची

घोटीच्या बाजारपेठेत भाताच्या गिरण्यांसमोर रचलेल्या गोण्यांवरची नावे वाचण्याचा छंद मला फार वर्षांपासून आहे. त्यांतील इंद्रायणीची कुळकथा सरळ आहे: आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हा वाण सिद्ध केला, १९८७ साली तो प्रसृत झाला आणि इगतपुरी तालुक्याच्या खाचरांत तो घरचाच होऊन गेला. एचएमटी या नावाचा माग काढू लागलो, तेव्हा मात्र मी चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या एका लहान गावी, दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्यापाशी जाऊन पोहोचलो.

शाळा तिसरीपर्यंत आणि जमीन अवघी दीड एकर, अशा या गृहस्थांना १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या बांधीत काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बियाणे निराळे पेरले, आणि पुढे हंगामामागून हंगाम निवड करीत बारीक दाण्याचा व उत्तम उताऱ्याचा वाण स्थिर केला. गावातल्या शेतकऱ्यांनी बेणे नेले, धान बाजारात उतरले, आणि व्यापाऱ्यांनी त्या काळी लोकप्रिय असलेल्या हातघड्याळाचे नाव त्याला बहाल केले. ज्याने वाण घडविला त्याच्याकडे नामकरणाचा अधिकारसुद्धा राहिला नाही.

खरा वाद यानंतरचा आहे. १९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील संशोधन केंद्राने खोब्रागड्यांकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसृत केला. मूळ बियाण्यात भेसळ होती, आम्ही ते शुद्ध केले, असे विद्यापीठाच्या बाजूने सांगण्यात आले. शुद्धीकरण हे कष्टाचे व शास्त्रीय काम आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. परंतु जे शुद्ध करावयाचे ते आधी कोणी तरी ओळखलेले असावे लागते, आणि सहस्रावधी लोंब्यांतून वेगळी लोंबी ओळखणारी दृष्टी हेच प्रजननशास्त्राचे पहिले व सर्वांत दुर्मीळ अंग आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या वेळी या दृष्टीची नोंद घेणारा कायदाच देशात नव्हता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार पीक-वाणांना काही तरी संरक्षण देणे भारताला प्राप्त झाले, आणि त्यातून पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली संमत झाला. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क दिला. २०१९ साली पेप्सिकोने गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर दावे गुदरले, तेव्हा याच कलमाचा आधार घेण्यात आला व अखेर कंपनीने दावे मागे घेतले. मला मात्र कलम १८ अधिक मोलाचे वाटते. नवा वाण नोंदविणाऱ्याने मूळ बियाणे कोठून आणले आणि त्यात कोणा शेतकऱ्याचा अथवा गावाचा वाटा किती, हे अर्जातच लिहिले पाहिजे, असा दंडक ते घालते. हे कलम १९९४ साली अंमलात असते, तर सिंदेवाहीच्या दफ्तरात नांदेड गावाचे नाव लिहिणे ही कोणाच्या मर्जीची बाब राहिली नसती. शेतकऱ्याने जतन केलेला वाण स्वतंत्रपणे नोंदविण्याची वाटही याच कायद्याने मोकळी केली आणि त्यासाठी शेतकऱ्याला फी माफ केली. तथापि नोंदीला लागणारे पुरावे आणि कागदपत्रे दीड एकराच्या धन्याने एकट्याने कशी जमवावीत, या प्रश्नाचे उत्तर कलमांत सापडत नाही.

खोब्रागड्यांना २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला आणि २०१० साली ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली; या मानसन्मानांनी घरची ओढग्रस्त मात्र हटली नाही. जून २०१८ मध्ये ते निवर्तले. एचएमटीनंतरही त्यांनी आणखी काही वाण निवडले. त्यांतील नांदेड-९२ आणि नांदेड हिरा यांनी गावाचे नाव धारण केले, आणि ‘डीआरके’ या वाणाला दादाजी रामाजी खोब्रागडे या नावाची आद्याक्षरे लागली.