मुंग्यांच्या घरात पाणी किती?

मुंग्या पाळायच्या म्हटलं की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘पाळायच्या कशाला, ओट्यावर आहेतच की!’ पण ओट्यावर दिसतात त्या साखरेच्या वासाने बाहेर पडलेल्या चार कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या, कोश आणि त्यांची सतत चाललेली उचलठेव हे सगळं भिंतीच्या नाहीतर जमिनीच्या आत असतं. ते दिसावं म्हणून काच, प्लास्टर आणि कापूस वापरून घरगुती वारूळ करण्याचा छंद युरोपात शंभराहून अधिक वर्षं चालत आलेला आहे आणि आता भारतातही रुजतो आहे. त्याबरोबर गैरसमजही रुजतात, आणि त्यातले बहुतेक पाण्यापाशी येऊन थांबतात.

सुरुवात मात्र कोरड्या गैरसमजाने करू. ‘अंगणातले दहा-वीस मुंगळे बरणीत भरले की वारूळ तयार.’ याचं बरंचसं श्रेय 1956 साली अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी बाजारात आणलेल्या ‘अँट फार्म’ या खेळण्याला जातं. प्लास्टिकच्या दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये वाळू, आणि टपालाने येणाऱ्या मुंग्या. त्यात राणी नसायची. कामकरी काही महिन्यांत मरून जायच्या आणि मुलांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. राणीवाचून वसाहत वाढत नाही. उलट राणी असली तर किती टिकते, याचा दाखला इंग्लंडच्या सर जॉन लबक यांच्याकडे सापडतो. काचेच्या दोन तावदानांमध्ये ओलसर माती भरून त्यांनी मुंग्या पाळल्या आणि 1882 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ 15 वर्षं जगली.

आपल्याकडे नवशिक्याने हात घालावा अशी मुंगी म्हणजे मोठा काळा मुंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पावसाळ्याच्या तोंडाशी पंखवाल्या राण्या दिव्यांभोवती दिसू लागतात. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते खरं आहे, समागमानंतर ते फार जगत नाहीत. राणी मात्र पंख स्वतःच मोडून टाकते आणि जागा शोधून आत बसते. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते विरघळवून त्यांवर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही पोसते. म्हणून मुंगळ्याच्या राणीला पहिल्या कामकरी बाहेर पडेपर्यंत खायला घालावं लागत नाही. दर दोन दिवसांनी नळी उघडून साखर ठेवणारे तिला नुसता त्रास देतात. (याच दिवसांत वाळवीचेही पंखवाले निघतात. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वाळवीचे चारही पंख सारखे असतात. आधी हे बघून घ्यावं, नाहीतर फर्निचरवाल्या शेजाऱ्याशी संबंध बिघडायचे.)

‘राणी आहे, तर तिला घरही ऐसपैस हवं’ हे ऐकायला बरं वाटतं, पण एकट्या राणीसाठी मोठं घर वाईट. रिकाम्या कोपऱ्यांत कचरा साठतो, ओल एकसारखी राहत नाही आणि राणी बिथरते. तिला हवी प्रयोगशाळेतली साधी काचेची नळी. नळीत तळाशी सुमारे एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाशी हवा खेळेल असा दुसरा बोळा. नळी आडवी ठेवून वर कागद गुंडाळला की अंधार झाला. पाण्याला लागून असलेला कापूस ओला, तोंडाकडचा कोरडा, आणि मधली जागाही ओल्याकडून कोरड्याकडे सरकत जाणारी. दिसायला ही जुजबी सोय आहे, पण पुढच्या प्रत्येक घराचं तत्त्व हेच.

आता सगळ्यात पसरलेला गैरसमज. ‘मुंग्यांना ओल लागते, तेव्हा सगळं घर ओलं ठेवा.’

मुळात ओल कोणाला लागते? मोठ्या मुंगीच्या कवचावर मेणासारख्या पदार्थांचा थर असतो, त्यामुळे तिच्या अंगातलं पाणी सहज उडत नाही. प्यायला पाणी मिळालं की ती कोरड्यातही फिरते. अंडी आणि अळ्या यांचं आवरण मात्र नाजूक असतं आणि कोरड्या हवेत ती सुकतात. मुंगळ्याचे कोश रेशमी आवरणात असतात, त्यांना ओल कमी चालते. म्हणजे एकाच कुटुंबात प्रत्येक वयाची गरज वेगळी, आणि ती दिवसाच्या उन्हाबरोबर बदलणारी. कामकरी मुंग्या यावर उपाय म्हणून पिल्लावळ तोंडात धरून इकडून तिकडे नेत राहतात. घर सगळीकडे सारखंच ओलं असेल तर न्यायला जागाच उरत नाही.

हे पाळणाऱ्यांना जुन्या काळीच कळलेलं होतं. फ्रान्सच्या शार्ल जाने यांनी 1890 च्या दशकात प्लास्टरच्या ठोकळ्यात ओळीने खोल्या कोरल्या आणि पाण्याची जागा फक्त एका टोकाला ठेवली. पाणी झिरपत पुढे जाई, पहिली खोली दमट, शेवटची कोरडी. घरगुती घरटं करताना आजही याहून चांगली कल्पना सुचलेली नाही, असं माझं मत आहे.

करायला ते अवघड नाही. काचेवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे खोल्या-बोगद्यांचे आकार चिकटवायचे, भोवती चौकट करून पीओपी ओतायचं, घट्ट झालं की काच काढून क्ले उकरायचा आणि काच परत बसवायची. एका कडेला सिरिंजने पाणी सोडता येईल असा खड्डा ठेवायचा. पीओपी पूर्ण वाळल्याशिवाय मुंग्या आत सोडू नयेत, त्याला काही दिवस लागतात. बांधकामावरच्या सिपोरेक्सच्या हलक्या विटेचा तुकडाही चालतो. तो कानशीने, स्क्रूड्रायव्हरने सहज कोरला जातो, पाणी पितो आणि भिजलेल्या पीओपीसारखा मऊ पडत नाही. भिजलेलं पीओपी मुंगळे जबड्याने कुरतडतात आणि आपण न आखलेल्या खोल्या काढतात.

पाणी रोज घालावं का? इथे माठ आठवावा. विदर्भातल्या मे महिन्यात तो भराभर पाझरतो आणि पाणी गार करतो. मुंबईच्या जुलैत ते गार होत नाही, कारण हवाच भरलेली असते. सच्छिद्र घरट्याचंही तसंच आहे. नागपुरात उन्हाळ्यात खड्डा लवकर रिकामा होईल, कोकणात पावसाळ्यात कित्येक दिवस पाणी घालायची गरज पडणार नाही. तेव्हा वेळापत्रक कामाचं नाही. आकडा दाखवणारं हायग्रोमीटरही फारसं कामाचं नाही, कारण ते डब्यातल्या हवेची आर्द्रता सांगतं. अळी ज्या भिंतीला टेकली आहे तिथली ओल वेगळी असते. बघायचं ते पिल्लावळ कुठे ठेवली आहे. सगळी अंडी-अळ्या पाण्याच्या कडेला दाटीने रचली असतील तर घर कोरडं पडतंय. सगळं शेवटच्या खोलीत हलवलं असेल तर पाणी जास्त झालंय.

आणि फवारा तर नकोच. काचेवरचा थेंब आपल्याला सुंदर दिसतो, पण लहान मुंगी त्याला चिकटली की पृष्ठताणामुळे सुटत नाही. बाहेरच्या मुंग्यांना दव हवं असतं, ही गोष्ट वेगळी. मार्क मॉफेट यांनी 1985 साली भारतातल्या डायाकॅमा मुंग्यांबद्दल लिहिलं की वारुळाच्या तोंडाशी त्या पिसं आणि मेलेल्या मुंग्या रचतात. त्यांवर दव जमतं आणि ते त्या पितात. पण तिथे पाणी दाराबाहेर असतं, पाळणाघरात नाही.

‘घर हवाबंद केलं की ओल टिकते.’ टिकते, आणि बुरशीही टिकते. बारीक जाळीची दोन-चार भोकं हवीत. तरीही बुरशी दिसली तर दोष पाण्याला देण्याआधी उष्टं बघा. झुरळाची मेलेली तंगडी ओल्या खोलीत राहिली की पांढरे धागे येणारच. खाणं घरट्याला नळीने जोडलेल्या वेगळ्या, कोरड्या डब्यात द्यावं. खाणं म्हणजे नुसती साखरही नव्हे. मोठ्या मुंग्यांना गोड पुरतं, पण अळ्यांना प्रथिनं लागतात.

निळ्या जेलच्या डब्यांचा मोह वाटतो. मुंग्यांसाठी जेलचं घर 2003 साली कोलंबिया यानातून अंतराळातही गेलं होतं. थोड्या दिवसांच्या प्रयोगासाठी जेल सोयीचं, कारण त्यात पाणी आणि साखर दोन्ही मिळतं. पण सगळीकडे सारखंच ओलं असणारं घर म्हणजे वर सांगितलेलीच अडचण, शिवाय अळ्यांसाठी काहीच नाही.

राहिला राण्या विकत मागवण्याचा प्रश्न. ‘एवढुशा मुंगीला कोण विचारतो?’ केनियाने विचारलं. 2025 मध्ये दोन बेल्जियन तरुणांकडे देशाबाहेर चोरून नेण्यासाठी ठेवलेल्या सुमारे 5,000 मुंग्या सापडल्या. कापूस आणि पाणी घातलेल्या छोट्या नळ्यांत त्या महिना-दोन महिने जगतील अशी व्यवस्था होती. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी 10 लाख केनियन शिलिंगांचा दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. शिवाय परदेशी मुंगी निसटून रुजली तर तिला आवरणं जवळपास अशक्य असतं. अंगणातल्या मुंगळ्याच्या राणीबाबत ही भीती नाही. कंटाळा आला तर जिथून उचलली तिथेच, झाडाच्या बुंध्याशी, तिला वसाहतीसकट सोडता येतं.